सर्च हिस्टरी आणि पऱ्हाटीची उंची

मागच्या पावसाळ्यात बायकोने लोणच्याचं प्रमाण बघायला माझा मोबाईल घेतला आणि दोन मिनिटांत तो माझ्यासमोर आणून ठेवला. "अवो, हे काय पाहून ठेवलं तुमी?"

स्क्रीनवर माझे आठवडाभराचे प्रश्न ओळीने उभे होते. मोनोक्रोटोफॉसचा वास कसा असतो. शवविच्छेदनानंतर कपडे कोणाच्या ताब्यात देतात. वाघाला अत्तर आवडतं का. यवतमाळ ते मूर्तिजापूर रेल्वे वेळापत्रक १९७८. चंद्रोदय, २ नोव्हेंबर २०१८. धोतराला लागलेला कपाशीचा डाग.

दुसऱ्या एखाद्या गावात हा विनोद झाला असता. यवतमाळ जिल्ह्यात, घरी पाच एकर कोरडवाहू असलेल्या माणसाच्या मोबाईलवर कीटकनाशकाचा तो पहिला प्रश्न दिसला तर कोणी हसत नाही. ती घाबरली होती. मी कथेची वही दाखवली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. म्हणून कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे की, तुम्ही काय शोधताय ते घरातल्या एका माणसाला आधी सांगून ठेवा. आत्महत्येशी जोडलेले शब्द टाकले की सर्च इंजिन सहसा वरच मदतीचा नंबर दाखवतं. आपल्याकडे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. लेखक तो ओलांडून खाली जातो. लिहिता लिहिता विषय अंगावर येऊ लागला आणि रात्रीची झोप उडाली, तर तो नंबर आपल्यासाठीही आहे हे विसरू नका.

दुसरं सांगणं थोडक्यात. 'इन्कॉग्निटो' खिडकीने फक्त आपल्या यंत्रावरचा माग पुसला जातो. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला किंवा ऑफिसच्या नेटवर्कला जे दिसायचं ते दिसतंच. शाळेच्या किंवा कचेरीच्या कॉम्प्युटरवर खुनाचा अभ्यास करू नका. साधी वही ठेवा: तारीख, काय शोधलं, कोणत्या प्रसंगासाठी. ही वही पुढे संपादकाच्या प्रश्नांना उत्तर द्यायलाही उपयोगी पडते.

आता मुद्द्यावर येतो. वरच्या सहा प्रश्नांपैकी माझ्या कथा कोणत्या प्रश्नांनी सावरल्या असतील? विषाच्या नव्हे, शवविच्छेदनाच्याही नव्हे. रेल्वेच्या आणि चंद्राच्या. नवा लेखक भयंकर गोष्टींचा शोध जीव तोडून घेतो आणि साध्या गोष्टी आठवणीवर सोडून देतो. वाचकाला मात्र भयंकर गोष्टींचा अनुभव क्वचित असतो आणि साध्या गोष्टी त्याच्या रोजच्या असतात. त्यामुळे चूक पकडली जाते ती तिथेच.

अवनी वाघिणीचंच घ्या. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ही टी-वन वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात गोळी लागून मेली. त्या रात्रीवर कथा लिहायला बसलेल्या माणसाच्या लेखणीतून पहिलं वाक्य हमखास चांदण्याचं येतं. माझ्याही आलं होतं. मग पंचांग पाहिलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं, म्हणजे अमावस्येला पाच दिवस उरले होते. वद्य पक्षातला तो चंद्र मध्यरात्रीनंतरच उगवणार आणि गोळी सुटली ती त्याआधी. चांदणं खोडलं तसा प्रसंगच बदलला. जे काही दिसलं असेल ते गाडीच्या आणि टॉर्चच्या उजेडात दिसलं असेल. तिथल्या माणसांना एकमेकांचे चेहरे धड दिसत नसतील. अंधारात कोण काय बोललं याबद्दल प्रत्येकाची साक्ष वेगळी पडू शकते. एका तिथीने मला तीन पानं दिली. जुन्या तारखेची तिथी, सूर्यास्त, चंद्रोदय हे सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं, आणि कालनिर्णयचे जुने अंक कोणाच्या तरी माळ्यावर असतातच. ज्या प्रसंगात रात्र आहे, तिथे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अत्तराचा प्रश्नही त्याच वाघिणीचा. तिला गाठण्यासाठी हत्ती, ड्रोन, कुत्रे सगळं वापरून झालं होतं, आणि त्यात केल्विन क्लाइनचं 'ऑब्सेशन फॉर मेन' हे पुरुषांचं अत्तरही होतं. हे खरं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चित्त्यांसमोर वेगवेगळी अत्तरं ठेवून पाहिली, तेव्हा ते सगळ्यात जास्त वेळ याच अत्तरापाशी घुटमळले. जवादी मांजराच्या ग्रंथीतल्या द्रव्यासारखा वास त्यात आहे, म्हणून मार्जारकुळातल्या जनावरांना तो ओढतो असं मानतात.

पण हे जसंच्या तसं कथेत टाकलं तर वाचक म्हणेल, लेखकाने काहीतरी ठोकून दिलं. विचित्र सत्याला साध्या तपशिलाचा टेकू लागतो. म्हणून अत्तराच्या रसायनापाशी थांबू नका. हे अत्तर शिंपडायला ज्या वनरक्षकाला पाठवलं असेल, तो रात्री कोणत्या गावात घरी परतला असेल? त्याच्या शर्टाला येणारा तो उंची वास बायकोला कसा वाटला असेल? बाटलीचं बिल कोणत्या लेखाशीर्षाखाली मंजूर झालं असेल? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर सर्च इंजिन देणार नाही. तुमची कथा मात्र तिथेच आहे.

काही गोष्टी मिळत नाहीत, कारण आपण चुकीच्या नावाने हाक मारतो. इंग्रजी कागदपत्रांत यवतमाळ हे आजच्या स्पेलिंगने शोधलं तर जुनं काही फारसं हाती लागत नाही. इंग्रज लिहायचे वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल, येवतमाळ. त्याहून मागे गेलात तर जिल्ह्याचं नावच वेगळं होतं, वणी, आणि ते डब्ल्यू-यू-एन असं लिहीत. १९०५ मध्ये ते बदललं. १९०८ सालचं जिल्ह्याचं गॅझेटिअर 'येवतमाळ' नावानेच छापलेलं आहे. आठवडी बाजार, दिंड्या, रस्ते, पिकं, दुष्काळ यांची जी माहिती त्यात आहे ती दहा वेबसाइट पालथ्या घालूनही मिळायची नाही. पांढरकवड्याचंही तसंच. गाव पांढरकवडा, पण तालुक्याचं नाव केळापूर. बातमी एका नावाने सापडते, सरकारी आदेश दुसऱ्या नावाने.

राज्याचं नाव तर हमखास चुकतं. १९५० सालचा यवतमाळचा माणूस कामासाठी राजधानीला निघाला तर तो नागपूरला जाईल, मुंबईला नव्हे. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात, तेही आपलं घर न सोडता. पैनगंगेपलीकडचं आदिलाबाद २ जून २०१४ पर्यंत आंध्र प्रदेशात होतं. २००८ च्या कथेत 'तेलंगणा राज्यातला व्यापारी' आला की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

आणि दारू. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. शेजारच्या यवतमाळात नाही. म्हणजे २०१७ च्या कथेतला वरोऱ्याचा कंत्राटदार उघडपणे बारमध्ये बसू शकत नाही, तो वर्धा नदीचा पूल ओलांडून वणीला येईल. परतीच्या वाटेवर, रात्री, त्या पुलावर त्याला काय भेटतं ते तुम्ही ठरवा. कायद्याने तुम्हाला एक फुकटचं स्थळ दिलं आहे.

रेल्वेकडे वळू. मुंबईत राहून यवतमाळवर लिहिणाऱ्या लेखकांची पात्रं थेट एक्सप्रेसने यवतमाळला उतरतात. इथे मोठी गाडी येत नव्हती. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम चालू आहे, पण वर्षानुवर्षं मुंबईहून येणारा माणूस धामणगावला किंवा बडनेऱ्याला उतरून एसटी धरत आला. यवतमाळ स्टेशनावर होती ती 'शकुंतला', मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिला ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. आता गाडीच बंद आहे. तर १९७८ च्या कथेत नायिकेच्या डोळ्यांत कोळशाची कच जाऊ द्या, १९९७ च्या कथेत नको. वेळापत्रकाचा शोध मी घेतला, पण त्याहून उपयोगी पडले ते दारव्ह्याचे एक निवृत्त मास्तर. गाडी इतकी हळू जायची की उतरून वावरातल्या तुरीच्या शेंगा तोडून पुन्हा चढता यायचं, असं ते सांगतात. प्रत्येक जुन्या संथ गाडीबद्दल कोणीतरी हे सांगतंच, त्यामुळे मी ते कथेत घेतलं नाही. मास्तरांनी जाता जाता सांगितलेलं एक घेतलं: डब्यात दिवा नसायचा, म्हणून तिकीट तपासायला येणारा माणूस हातात टॉर्च घेऊन यायचा आणि आधी चेहरा पाहायचा, मग तिकीट.

शेतीवर लिहिताना काळजी सगळ्यात जास्त घ्या, कारण इथला वाचक तिथे तुमच्याहून शहाणा आहे. साल ठरलं की आधी कापसाचा कायदा आणि वाण तपासा. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तेव्हा व्यापारी राजरोस घरी येऊन काटा लावू शकत नव्हता. शेतकऱ्याची बंडी खरेदी केंद्रापुढच्या रांगेत दोन-दोन रात्री उभी राहायची, ग्रेडर कापूस चिमटीत धरून प्रत ठरवायचा आणि चुकाऱ्यासाठी पुढे चकरा. १९८५ च्या कथेत कापूस खाजगीत विकायचा असेल तर तो चोरून विकावा लागेल, आणि ही अडचण कथेच्या फायद्याची आहे. बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली २००२ मध्ये. १९९५ च्या वावरात बीटी पेरू नका. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ मध्ये, त्यानंतरच्या कृषी केंद्राच्या फळीवर तो डबा ठेवायचा तर तो चोरीचा असला पाहिजे. गुलाबी बोंडअळीचं मोठं संकट २०१७ चं.

महिना तपासा. पेरणी मृगाच्या पावसावर, फवारणी साधारण ऑगस्टपासून, पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या आसपास. त्या वेळी वावरात सीतादहीची पूजा करतात. शेवटी कापूस संपला आणि वावर गुराढोरांना मोकळं झालं की उलंगवाडी. एप्रिलमध्ये कापूस वेचणारी बाई मी एका बक्षीसपात्र कथेत पाहिली आहे. चित्र सुंदर होतं, पण हंगाम गेला होता.

शब्दांचा शोध हा निराळाच प्रकार आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवला आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथे सापडतो. दोन्ही जवळ ठेवा. वऱ्हाडीसाठी मात्र ते पुरत नाहीत. पुस्तकातली कपाशी इथे पऱ्हाटी असते, शेत हे वावर असतं, बांध हा धुरा, गाडी ती बंडी. मध्यंतरी मी एका एआयला यवतमाळच्या दोन शेतकऱ्यांचा संवाद लिहायला सांगितलं. त्याने प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बे' लावला, मध्येच 'लई भारी' घातलं आणि दोघांना ऊस तोडायला पाठवलं. एआयला जरूर विचारा, पण त्याचं उत्तर म्हणजे गावाबाहेरच्या टपरीवर मिळालेला पत्ता समजा. गावात शिरल्यावर पुन्हा विचारायचं.

त्यात आणखी एक. जिल्ह्यातला प्रत्येक माणूस वऱ्हाडी बोलतोच असं नाही. कोलामांची वस्ती म्हणजे पोड, बंजाऱ्यांचा तांडा. कोलामी आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा, तर बंजाऱ्यांची गोरबोली वेगळ्याच घराण्यातली. पोडावरची म्हातारी मनातल्या मनात वऱ्हाडीत कुढत असेल तर ती तुमची म्हातारी आहे, पोडावरची नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करता करता जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची आणि झाडांची नावं टिपत राहिले. त्यांच्या पुस्तकांत जंगलाला जो आवाज आहे, तो त्या नावांचा आहे.

गुन्ह्याची कथा असेल तर कलमं नव्याने पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं आहे. पण खून त्या तारखेआधी घडला असेल तर गुन्हा जुन्याच कलमाखाली राहतो. म्हणजे २०२६ च्या कोर्टातल्या दृश्यातही '३०२' बरोबर असू शकतं. संशयास्पद मृत्यू झाला की आधी गुन्हा दाखल होत नाही, 'मर्ग' दाखल होतो. पंचनामा होतो, पंच बोलावले जातात, शवविच्छेदनाच्या कागदावर 'व्हिसेरा राखून ठेवला' असं येतं, आणि मग प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहणं सुरू होतं. सिनेमात ही वाट दोन मिनिटांची असते. कथेत तिला महिने द्या. याच काळात घरात सासू-सुना, भाऊ-भाऊ बदलत जातात.

शेतकरी आत्महत्येवर लिहिताना हा कागद आणखी जड होतो. एक लाखाच्या मदतीसाठी ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. आपण लेखक ज्याला पात्र म्हणतो, त्याला मेल्यावर सरकारदरबारी पात्र ठरावं लागतं. या शब्दावर मी बराच वेळ थांबलो होतो, आणि त्यावर कोटी करायचा मोह मात्र कथेत आवरला. औषधाचं नाव, मात्रा, लागलेला वेळ, हे शोधलं असेल तरी पानावर आणू नका. वाचकांमध्ये कोण कोणत्या रात्री ते पान उघडून बसलं असेल, सांगता येत नाही. कथेला त्याची गरजही नसते. तिला हवी असते ती सात-बाराची घडी, सावकाराच्या मुलाने अंगणातच उभी ठेवलेली मोटरसायकल, तेरवीला किती माणसं जेवायला घालायची यावरून झालेली कुजबुज.

आणि अशा घरी वही घेऊन जाण्याआधी, तिथल्या बायांनी जे आधीच सांगून ठेवलं आहे ते ऐका. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठलं, आणि शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकऱ्याची विधवा म्हणून आपल्यावर काय वेळ आली हे त्या हजारो लेखक-वाचकांसमोर उभं राहून बोलल्या. 'तेरवं' या नाटकात त्यांनी कामही केलं आहे. हे सारं उपलब्ध असताना दुसऱ्या एखाद्या बाईला तीच रात्र पुन्हा सांगायला लावणं याला अभ्यास म्हणत नाहीत. जायचंच असेल तर दुःखाबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा. निंदणाला मजुरी किती, पहाटे किती वाजता उठता, बचत गटाची बैठक कोणत्या वारी. माणूस कामाबद्दल मोकळं बोलतो, आणि बाकीचं सांगायचं असलं तर त्याच ओघात सांगतो.

माझ्या यादीतला पहिला प्रश्न राहिलाच. तो २०१७ वरच्या कथेसाठी होता. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. मी नेटवर अहवाल वाचले, बातम्या वाचल्या. डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग पाठ केले: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. डब्यावरची अक्षरं इतकी बारीक असतात की ती वाचायला भिंग लागावं, हेही टिपलं. सगळं वहीत होतं, तरी कथेतला माणूस फवारणी करत नव्हता. तो पाठीवर पंप घेऊन नुसता उभा होता.

मग एका कृषी केंद्राच्या बाकावर, माल घ्यायला आलेल्या एका मजुराशेजारी बसलो. मी त्याला औषधाचं काही विचारलं नाही. विचारलं, त्या वर्षी पऱ्हाटी केवढी झाली होती?

तो उठून उभा राहिला. उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरला. "इतकी," म्हणाला. मग दुसऱ्या हाताने पंपाची नळी धरल्यासारखं केलं, ती वर उचलली, आणि मान वळवून डोळे मिटून घेतले.